कार्यशाळेतील यंत्रांचे सुटे भाग : उपलब्धतेची समस्या आणि माहितीचे जतन (अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :

लेथचा बिडाचा सांगाडा नीट राखला तर पन्नास-साठ वर्षे सहज टिकतो. त्याच लेथवरील शिअर पिन, गिअरची चावी, हाफ नटचे आटे, एखादी स्प्रिंग किंवा हँडलचा स्क्रू मात्र मध्येच केव्हातरी झिजतो, तुटतो अथवा हरवतो. यंत्र बंद पडते ते बहुधा अशा क्षुल्लक भागासाठीच. यंत्र बंद राहिले की प्रात्यक्षिकाच्या तासाला चालू असलेल्या यंत्रांभोवती विद्यार्थ्यांची गर्दी वाढते आणि ज्यांनी हाताने काम करून शिकावयाचे, ते केवळ पाहून परततात. आटे पाडणे हे पाहून येणारे कौशल्य नव्हे. त्यामुळे सुट्या भागाचा प्रश्न हा केवळ देखभालीचा नसून अध्यापनाचाही प्रश्न ठरतो.

असा भाग मिळविणे इतके कष्टाचे का होते, त्यामागे कोणती तांत्रिक व व्यवस्थापकीय कारणे आहेत आणि महाविद्यालयीन पातळीवर त्यावर काय करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी :

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचे क्षेत्र १७,०४८ चौरस किलोमीटर व तालुके १४ आहेत. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला. त्यानंतर जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या साखर कारखान्यांबरोबर त्यांच्या कार्यशाळा आल्या व फिटर, टर्नर, वेल्डर यांची एक पिढी घडली. १९७२ पासून नगर येथे कायनेटिकच्या लुना मोपेडचे उत्पादन होऊ लागले. नागापूर, श्रीरामपूर व सुपे येथील औद्योगिक वसाहतींत यंत्रभाग घडविणारे लहानमोठे कारखाने आहेत. १९८३ मध्ये लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही जिल्ह्यात आहेत.

अशा जिल्ह्यात धातूची, कारागिरांची वा यंत्रांची वाण आहे असे म्हणता येणार नाही. तरीही नेहमीचा नटबोल्ट वगळता काही निराळे हवे असल्यास सुमारे १२० किलोमीटरवरील पुणे किंवा मुंबईची नागदेवी स्ट्रीट गाठावी लागते. अकोले किंवा जामखेडसारख्या टोकाच्या तालुक्यातील संस्थेला तर आधी नगरपर्यंतचाच प्रवास मोठा असतो. भागाची किंमत अल्प आणि जाण्यायेण्याचा खर्च त्याच्या अनेक पट, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इतके करूनही दुकानदार तुटका तुकडा उलटसुलट करून पाहतो व 'हा कंपनीचा माल आहे, कंपनीकडेच मिळेल' असे सांगून परत देतो. या उत्तरातच समस्येचे मूळ आहे.

सुट्या भागांचे दोन वर्ग :

सुट्या भागांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग प्रमाणित भागांचा. बेअरिंगवरील ६२०४ हा क्रमांक घ्या. आतील व्यास २० मिलिमीटर, बाहेरील ४७ व रुंदी १४ एवढी सर्व माहिती त्या चार अंकांत सामावलेली आहे. शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणले की आतील व्यास मिळतो. (०० ते ०३ हे अंक या नियमाला अपवाद आहेत.) उत्पादक कोणीही असो, माप तेच. बी ५२ म्हटले की १७ मिलिमीटर रुंदीचा व ५२ इंच लांबीचा व्ही-बेल्ट, आणि २५ × ४० × ७ म्हटले की ऑइल सील. यंत्र कोणाचे, कोणत्या सालचे, हे सांगण्याची गरजच पडत नाही. म्हणून हे भाग तालुक्याच्या बाजारातही मिळतात.

एकसारख्या व परस्परांच्या जागी बसणाऱ्या भागांची कल्पना जुनी आहे. ओनोरे ब्लाँ या फ्रेंच बंदूक-कारागिराने १७८५ मध्ये बंदुकीच्या चापाचे अनेक संचांतील सुटे भाग एकत्र मिसळून, त्यांतून हाती येईल तो उचलून चाप जुळवून दाखविले होते. त्या कल्पनेला क्रमांकाची व मानकांची जोड मिळाली, तेव्हा सुटा भाग कारखान्याच्या मालकीतून सुटून बाजारात आला.

दुसरा वर्ग खास भागांचा. त्यांचे माप फक्त उत्पादकाच्या रेखाचित्रात असते. लेथचे गिअर, फीड बॉक्समधील बुश, गिब, चकचे जबडे, टेलस्टॉकचा नट हे भाग या वर्गात येतात. उत्पादक कारखाना चालू असेपर्यंत ते पत्र पाठवून मागविता येतात. कारखाना बंद पडला किंवा नमुना बदलला की रेखाचित्रही दृष्टीआड होते. हरिहर येथे १९४१ मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूर किर्लोस्कर कंपनीचे लेथ देशभरातील कार्यशाळांत गेले. चालू शतकाच्या प्रारंभी ती कंपनी बंद पडली. १९५३ मध्ये सुरू झालेल्या एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मान्यता दिली. यंत्र शेतावर वा शाळेत चालू स्थितीत असते, परंतु त्याच्यामागील कारखाना नाहीसा झालेला असतो.

राजकोट व बटाला येथील लहान कारखान्यांतून आलेल्या लेथची अडचण आणखी वेगळी असते. त्यांतील पुष्कळसे भाग जुळणीच्या वेळी हाताने बसवून घेतलेले असतात. परिणामी बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन यंत्रांचे भागही एकमेकांना लागतीलच असे नाही.

मापपद्धतींचा गुंता :

भाग नवीन बनवून घेऊ म्हटले तरी त्याचे माप अचूक ओळखावे लागते, आणि नेमके इथेच घोडे पेंड खाते. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये आट्यांचे एक मानक मांडले. त्यात आट्याचा कोन ५५ अंश होता. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा सुचविला. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला व मेट्रिक आटे रूढ झाले. तथापि जुन्या आराखड्यांवर बेतलेल्या यंत्रांत इंची आटे कायम राहिले. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचाला १२ आटे, त्याच जाडीच्या अमेरिकी पद्धतीच्या जाड आट्याच्या बोल्टला १३, आणि त्यांच्याशी जवळीक असलेल्या एम १२ बोल्टला १.७५ मिलिमीटरची पिच. हे तीन बोल्ट टेबलावर शेजारी ठेवले तर सहसा फरक कळत नाही. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे आत जातो व अडतो. पान्याने जोर दिला की बोल्टऐवजी बिडाच्या भागातील आटे जातात आणि स्वस्तातले काम महाग होते.

गिअरच्या बाबतीत गल्लत याहून सुलभ असते. मेट्रिक गिअरचे दाते मॉड्यूलने व इंची गिअरचे डायमेट्रल पिचने मोजतात. बाहेरील व्यासाला दात्यांच्या संख्येत २ मिळवून येणाऱ्या आकड्याने भागले की मॉड्यूल मिळते. मॉड्यूल २.५ व ४० दाते असलेल्या गिअरचा बाहेरील व्यास १०५ मिलिमीटर भरतो. १० डायमेट्रल पिचच्या ४० दात्यांच्या गिअरचा व्यास १०६.६८ मिलिमीटर येतो. फरक जेमतेम पावणेदोन मिलिमीटरचा. गिअर झिजलेला किंवा तुटलेला असेल तर हा फरक सहज नजरेतून सुटतो. चुकीचा गिअर बसल्यासारखा वाटतो, परंतु आवाज करतो, लवकर झिजतो आणि सोबतच्या चांगल्या गिअरलाही झिजवितो.

याच संदर्भात १२७ दात्यांच्या गिअरचा उल्लेख आवश्यक ठरतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. यातील २५४ ही संख्या १२७ ची दुप्पट असून १२७ ही मूळ संख्या आहे. म्हणून इंची लीड स्क्रूच्या लेथवर नेमके मेट्रिक आटे पाडावयाचे तर बदली गिअरच्या संचात १२७ दात्यांचा गिअर लागतोच. त्याहून लहान अंकांनी केवळ जवळपासचे माप साधते. हा एक गिअर कपाटातून गहाळ झाला तर लेथ चालू राहतो, पण त्यावर शिकवावयाचा धडा अपुरा राहतो.

पर्यायी भागाचा धोका :

मूळ भाग मिळत नाही म्हणून 'काहीतरी' बसविणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया होय. परंतु काही भाग तुटण्यासाठीच बनविलेले असतात. शिअर पिन मुद्दाम कमी ताकदीची ठेवलेली असते. कॅरेज अडली, भार वाढला, की पिन तुटते व गिअर वाचतात. तिच्या जागी कठीण बोल्ट ठोकला तर पिन वाचते आणि गिअरचे दाते तुटतात. यंत्र थांबविणाऱ्या लाल बटणाचा संपर्क खराब झाला म्हणून तारा परस्पर जोडून देणे हा तर विद्यार्थ्यांच्या जिवाशी खेळ आहे. भागाचे माप जितके महत्त्वाचे, तितकेच त्याचे प्रयोजन महत्त्वाचे. थ्री-डी मुद्रणाने झाकणे, मुठी व हलक्या भाराचे गिअर करता येतात; मात्र उष्णता, धक्का किंवा सुरक्षितता यांच्याशी संबंधित भागांसाठी प्लॅस्टिकचा हा मार्ग वापरू नये.

संगणकीकृत यंत्रांनी या समस्येचे रूप बदलले आहे. जुन्या पद्धतीच्या अनेक सीएनसी नियंत्रकांत यंत्राची मूळ मापे व निर्देशांक बॅटरीच्या आधारे स्मृतीत टिकतात. बॅटरी संपली व वीजपुरवठाही बंद असला की ती माहिती पुसली जाते. म्हणूनच अशा नियंत्रकांची बॅटरी यंत्र चालू ठेवून बदलण्याची सूचना असते. दीर्घ सुटीत हे ध्यानात राहिले नाही तर नवी बॅटरी आणूनही यंत्र चालत नाही. हरवलेली वस्तू बॅटरी नसते, माहिती असते.

खरेदी आणि निर्लेखन :

संस्थेच्या कार्यपद्धतीनेही अडचणीत भर पडते. मागणीपत्रावर 'लेथ स्पेअर, १ नग' एवढेच लिहिलेले असेल तर कोणताही पुरवठादार दरपत्रक देऊ शकत नाही. पुरवठादाराला फेरी परवडत नाही, संस्थेला दरपत्रकांशिवाय पुढे जाता येत नाही, आणि कागद मागे-पुढे फिरत राहतो. पुढे ते यंत्र डेड स्टॉक रजिस्टरमध्ये 'नादुरुस्त' म्हणून नोंदले जाते व कालांतराने निर्लेखित होऊन वजनावर भंगारात जाते. त्याच्यासोबत त्याचे सुस्थितीतील गिअर, जबडे, नट व हँडलेही जातात. त्याच बनावटीचे दुसरे यंत्र कार्यशाळेत त्याच भागांची वाट पाहत उभे असू शकते.

उपाययोजना :

१) प्रत्येक यंत्राची भाग-नोंदवही ठेवावी. यंत्र चालू असतानाच प्रमाणित भागांचे क्रमांक आणि खास भागांची मापे, धातू, दात्यांची संख्या व आट्यांचा प्रकार तीत लिहावा. तुटलेल्या भागापेक्षा साबूत भाग मोजणे केव्हाही सोपे.

२) हे काम विद्यार्थ्यांच्या यंत्र-रेखाटन व मापनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांना जोडावे. पुस्तकातील आकृती पुन्हा काढण्याऐवजी कार्यशाळेतील एक खरा भाग मोजून त्याचे सहिष्णुतेसह रेखाचित्र करावे. काही वर्षांत संपूर्ण यंत्राचा संच तयार होईल.

३) निर्लेखनापूर्वी उपयुक्त भाग समितीच्या मान्यतेने काढून त्यांची स्वतंत्र नोंद करावी.

४) जिल्ह्यातील महाविद्यालये, तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी समान बनावटीच्या यंत्रांची यादी एकमेकांस द्यावी. एक बुश कोणी बनवून देत नाही. रेखाचित्रासह दहा बुशांची मागणी गेली तर नागापूर वा श्रीरामपूर येथील लहान कारखान्यालाही ते काम परवडू शकते.

५) नवीन यंत्र घेताना भागांची पुस्तिका, आकृत्या व नियंत्रकातील माहितीची प्रत खरेदीच्या अटींतच मागावी. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली. तिने प्रारंभी शेती अवजारे, मोबाइल व टॅबलेट, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. त्यांत कार्यशाळेतील यंत्रांचा समावेश नव्हता. म्हणून संस्थांनी हा हक्क करारातून मिळविणे श्रेयस्कर.

समारोप :

आजवर या माहितीचे जतन पुष्कळ ठिकाणी कार्यशाळेतील एखाद्या जुन्या निदेशकाच्या वा साहाय्यकाच्या स्मरणात होत आले आहे. कोणत्या लेथचा बोल्ट इंची, कोणता गिअर कोठून करून घेतला, कोणत्या डब्यात काय ठेवले, हे त्यालाच ठाऊक असते. तो निवृत्त झाला की निरोपसमारंभ होतो, किल्ल्यांचा हिशेब होतो, साहित्याचा ताबा दिला-घेतला जातो. पण या माहितीचा ताबा कोणी घेत नाही. जिल्ह्यात पोलाद आहे, लेथ आहेत, कसबी हातही आहेत. त्यांच्यासमोर ठेवता येईल असा मापांचा कागद नाही. तो कागद तयार करणे मोठ्या निधीवर अवलंबून नाही. व्हर्निअर, आट्यांचा गेज, पेन्सिल आणि प्रात्यक्षिकाचे काही तास एवढ्यावर ते होण्यासारखे आहे. मात्र ते यंत्र बंद पडण्यापूर्वी आणि जाणकार निवृत्त होण्यापूर्वी व्हावयास हवे. नंतर केले तर बैल गेला नि झोपा केला, अशीच गत व्हायची.