विश्लेषण : लीगबाहेरचा महाविद्यालयीन फुटबॉल संघ सामने कुठून आणतो?

अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठाचा फुटबॉल संघ २०२५ च्या हंगामात पहिले दोन सामने हरला आणि उरलेले सर्व दहा जिंकला. तरीही डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या १२ संघांच्या राष्ट्रीय बाद फेरीत त्याला जागा मिळाली नाही. हा संघ कोणत्याही लीगचा सदस्य नाही. कोणाशी, कधी आणि कुठे खेळायचे, हे तो स्वतःच ठरवतो. इकडे अंबरनाथ पूर्वेतील एखाद्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघालाही लीग नसते. वर्षभरात खेळायला सामने किती आणि ते आणायचे कुठून, हा प्रश्न त्याच्या क्रीडा शिक्षकापुढे दर जूनमध्ये उभा राहतो. दोन्हीकडच्या पैशांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण प्रतिस्पर्धी मिळवण्याचे गणित बरेच सारखे आहे.

स्वतंत्र संघ म्हणजे काय?

अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडच्या फुटबॉलपेक्षा वेगळा खेळ आहे. तिथला चेंडू लंबगोल असतो आणि तो हातात घेऊन पळताही येतो. तिथल्या महाविद्यालयीन स्पर्धेत वरच्या श्रेणीत १३० हून अधिक संघ आहेत. बहुतेक संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या लीगमध्ये विभागलेले आहेत. प्रत्येक संघ नियमित हंगामात साधारण १२ सामने खेळतो. त्यातले आठ किंवा नऊ सामने लीग ठरवून देते आणि उरलेले तीन-चार संघाला स्वतः शोधावे लागतात. स्वतंत्र संघाला मात्र बाराच्या बारा सामने स्वतःच जमवावे लागतात. असे संघ आता मोजकेच उरले आहेत. ब्रिगहॅम यंग विद्यापीठ २०११ पासून स्वतंत्र खेळत होते, ते २०२३ मध्ये लीगमध्ये गेले. लष्कराच्या अकादमीच्या ‘आर्मी’ संघानेही २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. २०२५ च्या हंगामात वरच्या श्रेणीत नोटर डेम आणि कनेटिकट हे दोनच स्वतंत्र संघ होते.

तिथे सामने कसे ठरतात?

प्रामुख्याने तीन प्रकारे. पहिला प्रकार पैशांचा. मोठा संघ छोट्या संघाला ठरावीक रक्कम देऊन आपल्या मैदानावर बोलावतो आणि परतीचा सामना खेळायला स्वतः जात नाही. यजमानाला तिकीटविक्रीचे उत्पन्न आणि बहुधा सोपा विजय मिळतो, तर पाहुण्या संघाचा वर्षाचा खर्च निघतो. सप्टेंबर २०२४ मध्ये नोटर डेमने नॉर्दर्न इलिनॉय संघाला अशा सामन्यासाठी सुमारे १४ लाख डॉलर दिले आणि पाहुण्यांनी तो सामना १६-१४ असा जिंकला.

दुसरा प्रकार परतफेडीचा. यंदा तुम्ही आमच्याकडे या, पुढच्या वर्षी आम्ही तुमच्याकडे येतो, असा दुहेरी करार होतो. तुल्यबळ संघ हाच मार्ग निवडतात. असे करार अनेक वर्षे आधी, कधी कधी दशकभर आधीही होतात. ऐनवेळी माघार घेतल्यास भरपाईची रक्कम करारातच लिहिलेली असते.

तिसरा प्रकार नाव आणि जुन्या नात्याचा. नोटर डेम आणि नौदल अकादमी यांच्यातील सामन्यांची परंपरा १९२७ पासूनची आहे. शिवाय नोटर डेमचे घरच्या मैदानावरील सामने १९९१ पासून एनबीसी वाहिनी दाखवते. त्यामुळे या संघाशी खेळणाऱ्यालाही देशभर दिसण्याची संधी मिळते. तरीही हंगामाचा मधला भाग भरणे अवघड जाते. सप्टेंबरमध्ये प्रतिस्पर्धी सहज मिळतात, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बाकीचे संघ आपापल्या लीगमध्ये गुंतलेले असतात. म्हणून नोटर डेमने एसीसी या लीगशी करार केला. २०१४ पासून हा संघ त्या लीगमधील संघांशी हंगामाला सरासरी पाच सामने खेळतो, पण फुटबॉलमध्ये तिचा सदस्य नाही.

मग २०२५ मध्ये गणित कुठे चुकले?

बाद फेरीतल्या १२ जागांपैकी पाच जागा लीगविजेत्यांसाठी राखीव असतात. स्वतंत्र संघ लीग जिंकूच शकत नाही, त्यामुळे त्याला निवड समितीच्या पसंतीवर अवलंबून राहावे लागते. समिती विजयांची संख्या पाहते, तसेच प्रतिस्पर्धी किती तगडे होते हेही पाहते. म्हणजे सोपे संघ निवडले तर विजयाला वजन राहत नाही आणि कठीण निवडले तर पराभवाचा धोका वाढतो. नोटर डेमने सुरुवातीलाच मायामी आणि टेक्सस ए अँड एम हे दोन तगडे संघ निवडले होते. पहिला सामना तीन गुणांनी आणि दुसरा एका गुणाने गेला. हंगामाअखेर मायामी आणि नोटर डेम दोघांचेही दहा विजय आणि दोन पराभव झाले. मायामीने थेट सामन्यात हरवले असल्याने जागा त्यांना मिळाली. क्रमवारीत नोटर डेमच्या मागे असलेले दोन लीगविजेते मात्र राखीव जागांवरून आत गेले.

अंबरनाथ पूर्वेतील संघाला किती सामने मिळतात?

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर परिसरातील पदवी महाविद्यालये प्रामुख्याने मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. विद्यापीठाचा विस्तार मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांत आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विभागवार होतात आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. हा संघ पुढे भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो. फुटबॉलसारख्या खेळात सुरुवातीच्या फेऱ्या सहसा बाद पद्धतीने होतात, कारण संघ जास्त असतात आणि दिवस व मैदाने कमी.

बाद पद्धतीचा हिशेब सोपा आहे. समजा ३२ संघ आहेत. विजेता ठरण्यासाठी ३१ संघांना एकदा हरावे लागते, म्हणून एकूण सामने ३१ होतात. त्यातले १६ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात आणि आणखी आठ दुसऱ्या सामन्यानंतर. म्हणजे ३२ पैकी २४ संघांच्या वाट्याला एक किंवा दोनच सामने येतात. प्रत्येक संघाची सरासरी दोनपेक्षाही कमी निघते. एखादा संघ सलग तीन वर्षे पहिल्याच फेरीत हरला, तर त्यातला खेळाडू तीन वर्षांच्या पदवीत महाविद्यालयाकडून स्पर्धेचे तीनच सामने खेळून बाहेर पडतो. निवड समितीलाही त्याला पाहायला वर्षातून तेवढा एकच सामना मिळतो. मुलींच्या स्पर्धेत तर मुळात संघच कमी उतरतात, त्यामुळे सरावासाठी जवळपासचा प्रतिस्पर्धी मिळणे आणखी कठीण होते.

मुंबईच्या क्रिकेटमध्ये हा प्रश्न का येत नाही?

कारण तिथे क्लबना ठरलेले सामने मिळतात. डॉ. एच. डी. कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग ‘ए’ ते ‘जी’ अशा सात गटांत खेळवली जाते. गटात असलेल्या संघाला एक सामना हरला म्हणून घरी बसावे लागत नाही. पुढचा प्रतिस्पर्धी आणि तारीख आधीच ठरलेली असते. लीगचा पहिला फायदा हाच आहे.

लीग थांबली तर काय होते, हे भारतीय व्यावसायिक फुटबॉलनेही नुकतेच पाहिले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि इंडियन सुपर लीगचे आयोजक यांच्यातील १५ वर्षांच्या कराराची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपत होती. नूतनीकरण न झाल्याने जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी नवा हंगाम थांबवल्याचे क्लबना कळवले. खेळाडू, प्रशिक्षक, मैदान आणि पैसा असलेल्या क्लबांपुढेही मग सराव कोणत्या तारखेसाठी करायचा, हा प्रश्न उभा राहिला.

मैत्रीपूर्ण सामना ठरवताना अडचण कुठे येते?

अंबरनाथ पूर्वेतील महाविद्यालयाकडे पाहुण्या संघाला देण्यासाठी पैसे नसतात आणि टीव्हीवर दिसणारे नावही नसते. त्याच्याकडे परतफेडीचा सामना एवढेच चलन उरते. उल्हासनगर, बदलापूर, कल्याण किंवा डोंबिवलीच्या संघाला ‘यंदा तुम्ही या, नंतर आम्ही येतो’ असे सांगता येते. मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर असल्याने प्रवासही परवडतो. दक्षिण मुंबईतील संघाशी खेळायचे तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अंबरनाथपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. सकाळच्या सामन्यासाठी किटबॅगा घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढायचे म्हटले, की निम्मी ताकद प्रवासातच जाते.

पण ‘तुम्ही या’ म्हणायला आपले मैदान हवे. अकरा जणांच्या फुटबॉलसाठी नियमानुसार मैदानाची लांबी किमान ९० मीटर आणि रुंदी किमान ४५ मीटर लागते. उपनगरांत जागोजागी झालेले टर्फ पाच-सात जणांच्या खेळासाठी असतात. तिथे पास आणि चपळाईचा सराव होतो, पण लांब चेंडू, ऑफसाइड आणि बचावफळीची रचना यांचा होत नाही. सार्वजनिक मैदानावर क्रिकेटचे सामने, सभा, मेळावे आणि उत्सव यांच्यातून मोकळी तारीख काढावी लागते. पाहुण्यांना बोलावून मैदानच मिळाले नाही, तर परतीचा सामनाही हातचा जातो आणि पुढच्या वर्षी तो संघ येण्याआधी दहादा विचार करतो.

दुसरी अडचण कॅलेंडरची. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने मैदानात चिखल असतो. त्यानंतर गणेशोत्सव, नवरात्र, सत्र परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी येते. आंतरमहाविद्यालयीन सामनेही याच काळात होतात. अमेरिकेत ऑक्टोबरमध्ये जी कोंडी होते, तीच इथेही होते. म्हणून तारखा जून-जुलैमध्येच फोन करून पक्क्या करणे आणि प्रत्येक सामन्यासाठी एक राखीव तारीख ठेवणे उपयोगी पडते. पंचांचे मानधन, चेंडू, पाणी, प्रथमोपचार आणि पाहुण्यांचा नाश्ता कोण पाहणार, हेही तेव्हाच लिहून घेतलेले बरे.

प्रतिस्पर्धी कसा निवडावा?

विद्यापीठाच्या स्पर्धेत आधी खेळलेल्या मैत्रीपूर्ण सामन्यांचे गुण मोजले जात नाहीत. त्यामुळे नोटर डेमसारखी धोक्याची मोजदाद इथल्या संघाला करावी लागत नाही आणि हरण्याची किंमतही शून्य असते. चार सामने जमत असतील, तर दोन तुल्यबळ संघांशी, एक आपल्यापेक्षा सरस संघाशी आणि एक नवख्या संघाशी अशी विभागणी करता येते. सरस संघाविरुद्ध बचावातल्या चुका दिसतात, तर नवख्या संघाविरुद्ध राखीव खेळाडूंना पूर्णवेळ खेळवता येते. सगळे सामने सोपे ठेवले, तर पहिली खरी परीक्षा थेट बाद फेरीत होते आणि तिथे दुसरी संधी नसते.

सहा महाविद्यालयांची छोटी लीग शक्य आहे?

कागदावर ती फार सोपी आहे. उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्यातील सहा संघ एकत्र आले आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे ठरवले, तर एकूण १५ सामने होतात. प्रत्येक संघाला पाच सामने मिळतात. एका मैदानावर सकाळी दोन आणि संध्याकाळी एक असे दिवसाला तीन सामने खेळवले, तर लीग पाच रविवारांत संपते.

वेळापत्रक आखायला सॉफ्टवेअरचीही गरज नाही. संघांना १ ते ६ क्रमांक द्यावेत. पहिल्या रविवारी १-६, २-५ आणि ३-४ असे सामने लावावेत. मग १ क्रमांक जागेवर ठेवून बाकीचे पाच क्रमांक वर्तुळात एक-एक घर पुढे सरकवावेत. दुसऱ्या रविवारी १-५, ६-४ आणि २-३ हे सामने येतात, तिसऱ्या रविवारी १-४, ५-३ आणि ६-२. पाच रविवारांत कोणतीही जोडी दोनदा येत नाही आणि एकही सुटत नाही. एक संघ कमी पडला, तर त्याच्या जागी ‘विश्रांती’ लिहायची. ज्याच्यासमोर ती येईल, त्याला त्या दिवशी सुट्टी.

या पद्धतीत सहाही महाविद्यालयांकडे स्वतःचे मैदान असण्याची गरज राहत नाही. पाच रविवारांसाठी पूर्ण मापाचे एक मैदान राखून मिळाले, तर भाडे आणि पंचांचा खर्च सहा जणांत वाटला जातो. विद्यापीठाच्या स्पर्धेपूर्वी प्रत्येक संघाचे पाच सामने झालेले असतात. म्हणजे पहिल्या फेरीत हरणाऱ्या संघाला एरवी पाच वर्षांत मिळतील, तेवढे सामने साधारण महिन्याभरात. त्यासाठी सहा क्रीडा शिक्षकांनी जूनमध्ये एकत्र बसून नगरपरिषदेकडे किंवा मैदान असलेल्या संस्थेकडे पाच तारखांचा एकच अर्ज करावा लागेल.