बर्थ कुठला, साहेब?

नंदुरबारहून सुरतमार्गे रात्रीच्या गाडीनं मुंबईला येणारा माणूस बर्थ बघूनच तिकीट काढतो. मधला नको, साइड अप्पर तर नकोच नको! हाच गडी आता ऑफिसच्या कामानं लंडन-न्यूयॉर्क करू लागला, तरी हिशेब तोच ठेवावा.

ब्रिटिश एअरवेजनं २००० साली बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवी होणारी सीट आणली. मस्तच! पण खिडकीपाशी बसलात, तर शेजाऱ्याचे पाय ओलांडून बाहेर यायचं. २०१९ मध्ये आलेल्या ‘क्लब स्वीट’ला मात्र दार आहे आणि प्रत्येकाला थेट पॅसेज. २०२१ मध्ये या मार्गावर उतरलेल्या जेटब्लूच्या ‘मिंट’मध्येही तसंच. म्हणून नावावर भुलू नका, सीटचा नकाशा बघा.

माइल्स एकाच बाजूच्या अपग्रेडपुरते आहेत? मग न्यूयॉर्कला जाताना राहू द्या. साधारण ८ तास, तेही बहुधा दिवसाउजेडी, सिनेमे बघा. परतीची फ्लाइट मात्र बहुतेक रात्रीची आणि मागून वारा असल्यानं जेमतेम ७ तासांची. माइल्स तिथे उडवा. जेवणही लाउंजमध्येच उरका. नाहीतर जेवण-नाश्त्यात झोप ४ तासांवर येते आणि सकाळी क्लायंटसमोर जांभया!