नजर पडली, तरी दिसलं नाही

गैरसमज: डोळ्यांसमोर आलेली गोष्ट दिसतेच. दिसली नाही, तर माणूस निष्काळजी.

वस्तुस्थिती: मानसशास्त्रज्ञ डॅनियल सायमन्स आणि क्रिस्तोफर शाब्री यांचा १९९९चा प्रयोग प्रसिद्ध आहे. व्हिडिओत पांढऱ्या कपड्यांतले खेळाडू एकमेकांना किती वेळा चेंडू देतात, ते प्रेक्षकांनी मोजायचं. मध्येच गोरिलाच्या वेशातली व्यक्ती येते, छाती बडवते, निघून जाते. जवळपास निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. २००६ मध्ये संशोधक डॅनियल मेमर्ट यांनी हाच व्हिडिओ पाहणाऱ्या मुलांच्या नजरेचा माग काढला. गोरिला न दिसलेल्या मुलांचीही नजर सुमारे एक सेकंद त्याच्यावरच होती! डोळ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. मग या मुलांना निष्काळजी कसं म्हणायचं?

गैरसमज: मेंदूत लक्ष देण्याचं एक बटण असतं, चालू किंवा बंद.

वस्तुस्थिती: मेंदूच्या भागांची निदान दोन जाळी इथे काम करतात. एक जाळं जे शोधायचंय ते धरून ठेवतं. दुसरं, मुख्यतः उजव्या बाजूचं, अनपेक्षित गोष्टीकडे लक्ष वळवतं. पहिल्यावर कामाचा ताण वाढला की दुसरं दबतं. गोरिला निसटतो तो बहुधा इथेच.

शोधाचा मेंदूवरचा परिणाम एवढ्यावर थांबत नाही. २०१३ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी स्वयंसेवकांना एमआरआय यंत्रात चित्रफिती दाखवल्या. कधी त्यांत माणसं शोधायची, कधी वाहनं. शोध बदलला तसा मेंदूच्या मोठ्या भागाचा प्रतिसादही बदलला. शोधातल्या गोष्टीला आणि तिच्याशी अर्थाने जवळच्या गोष्टींना जास्त जागा मिळाली, दूरच्यांची जागा आकसली. पडद्यावर लक्ष्य नसतानाही हे घडत होतं. मला हा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो: शोध सुरू होताच मेंदू त्या शोधाभोवती स्वतःची मांडणी बदलतो, आणि विचलित करणाऱ्या गोष्टी वगळण्याची किंमत म्हणून कधी कामाचंही वगळलं जातं.

गैरसमज: सरावलेली नजर फसत नाही.

वस्तुस्थिती: फुफ्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टपैकी २० जणांना त्यात मुद्दाम टाकलेला गोरिला दिसला नाही. तो सरासरी गाठीच्या ४८ पट मोठा होता.

गैरसमज: हँड्स-फ्री बोललं तर गाडी चालवताना धोका नाही.

वस्तुस्थिती: सिम्युलेटरवरच्या प्रयोगांत हँड्स-फ्री बोलणाऱ्या चालकांना, ज्यांवर त्यांची नजर थेट पडली होती असे फलकही नंतर कमी ओळखता आले. हात मोकळे असतात. मेंदू संभाषणात गुंतलेला असतो. गाडी चालवताना फोन आला, तर कृपया गाडी बाजूला घ्या आणि मगच बोला.