जमिनीवरचा ढग

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काढलेला फोटो ‘क्लाउड’वर ठेवला, असे आपण सहज म्हणतो. पण हा ढग आकाशात नसतो. दूरच्या एखाद्या इमारतीत रांगेने मांडलेले संगणक म्हणजेच हा ढग! फोनमधून निघालेल्या रेडिओलहरी जवळच्या टॉवरपर्यंतच जातात. पुढचा बहुतेक प्रवास काचेच्या बारीक तंतूंतून, प्रकाशाच्या रूपाने होतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. म्हणजे साडेतीनशे किलोमीटरचा तंतू ओलांडायला सेकंदाचा ५००वा भागसुद्धा लागत नाही.

मग ही साखळी तुटते कुठे? ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. आपल्या जिल्ह्यात दापोली, मंडणगड तालुक्यांत विजेचे खांब कोसळले, वीज गेली आणि मोबाइलही मुके झाले. वीज गेली की टॉवरच्या बॅटऱ्या काही तासच पुरतात. पुढे जनरेटरला डिझेल हवे. पण रस्त्यात झाडे आडवी पडली असतील तर ते पोचणार कसे? ‘ढगा’तील माहिती शाबूत असते, तिच्याकडे जाणारी वाट मात्र बंद होते.

अशा वेळी फोन टॉवर शोधत राहतो आणि त्याची बॅटरी लवकर उतरते. तुम्हीच पडताळून पाहा. नेटवर्क कमी असलेल्या जागी फोन एक रात्र तसाच ठेवा, दुसऱ्या रात्री ‘फ्लाइट मोड’वर ठेवा. सकाळी दोन्ही वेळचे आकडे ताडून पाहा. वादळात हीच युक्ती कामी येईल. शिवाय घरच्यांचे नंबर वहीत लिहून ठेवा. वहीला वीज लागत नाही!