मोराचीं पिलें थोर पक्ष्यांत सोडतांना

पावसाळा लागून निंदणीस आरंभ झाला कीं, रावेर तालुक्यांतील, विशेषतः पालकडील सातपुड्याच्या पायथ्याच्या गांवांतील शेतकऱ्यांस बांधावरच्या गवतांत किंवा झुडपाखालीं लांडोरीचें घरटें दिसण्याचा संभव असतो. घरटें कसलें, जमिनींतला उथळ खळगाच तो. त्यांत बहुधा चार ते सहा फिकट अंडीं असतात. कोणी हौशी गृहस्थ तीं उचलून आणतो व खुडूक कोंबडीखालीं ठेवतो. पिलें निघालीं म्हणजे तीं मोठ्या कोंबड्यांत कशीं मिसळावींत, हा प्रश्न पुढें येतो. आमचें म्हणणें असें कीं, हा प्रश्न शेतकऱ्याच्या अंगणांत उत्पन्नच होऊं नये.

मोर हा १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत त्याचें नांव आहे. ह्या कायद्यानें घरटें विसकटणें किंवा अंडीं हलविणें हीही शिकारच समजली जाते, व तीबद्दल तीन ते सात वर्षांचा कारावास आणि दंड सांगितला आहे. तेव्हां घरटें दिसल्यास भोंवतालचें गवत तसेंच राखावें. लांडोर सुमारें २८ दिवस अंडीं उबविते आणि पिलें निघतांच लवकरच त्यांना घेऊन निघून जाते. तेवढी वितभर जागा महिनाभर न निंदल्यानें कोणाचें पीक बुडालें असें ऐकिवांत नाहीं. गवतांत निपचित बसलेलें पिलूं पोरकें असतें असेंही नाहीं. आईचा इशारा ऐकून तें दबून बसलेलें असतें, व ती जवळच असते. लांडोर मेलेली प्रत्यक्ष आढळली तर मात्र वनरक्षकास ताबडतोब कळवावें.

कायदा क्षणभर बाजूस ठेविला तरी कोंबडीची सोबत ह्या पिलांस घातक आहे. कोंबडीच्या आंतड्यांत एक बारीक जंत असतो, व त्याच्या अंड्यांतून एका सूक्ष्म जीवाचा प्रसार होतो. कोंबडीस त्याची बाधा सहसा जाणवत नाहीं. परंतु मोर व टर्की ह्यांच्या पिलांचें यकृत त्यानें सडतें, विष्ठा गंधकासारखी पिवळी होते आणि पिलूं मरतें. हीं जंतांचीं अंडीं मातींत फार दिवस टिकतात; गांडुळें तीं गिळतात आणि पिलें गांडुळें टिपतात. म्हणून कोंबड्या हलविल्या तरी त्यांचें जुनें अंगण निर्धोक होत नाहीं.

वन खात्याच्या हातीं आलेलीं व रानांत परत सोडतां न येणारीं पिलें मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांत वाढवितात. तेथील पक्षिगृहांत मोठ्या पक्ष्यांशीं त्यांची गांठ घालून देणें हें धीराचें काम आहे. थोर पक्ष्यांत मानपानाची उतरंड ठरलेली असते. नवा पक्षी त्यांच्या लेखीं परकाच. पिसारा भरलेला नर पावसाळ्यांत अधिक तापट असतो व त्याची आरी लहान पिलास जीवघेणी होऊं शकते. पावसाळा सरतां पिसारा गळतो आणि त्याचा ताठाही उतरतो. श्रावण-भाद्रपदांत जन्मलेलीं पिलें हिंवाळ्याच्या अखेरीस पांच-सहा महिन्यांचीं होतात; गांठ घालण्यास हाच काळ बरा.

प्रथम पिलें महिनाभर अगदीं वेगळीं ठेवून विष्ठेची तपासणी करावी लागते. मग मध्यें तारेची जाळी घालून दोन-तीन आठवडे परस्परांस नुसतें पाहूं द्यावें. जाळी काढावयाची ती सकाळीं, म्हणजे सबंध दिवस देखरेख ठेवतां येते. पिलूं एकटें कधींही सोडूं नये. सर्व एकदम सोडावींत. दाणापाणी तीन-चार ठिकाणीं, बसण्याच्या दांड्या कमी-अधिक उंचीवर आणि लपावयास फांद्यांचे ढीग, एवढी सिद्धता आधींच हवी. एखादा थोर पक्षी पाठलाग सोडीतच नसेल तर पिलास न काढतां त्या दांडग्यासच कांहीं दिवस बाहेर ठेवावें. परत येतो तेव्हां तोच पाहुणा ठरतो.

हीच रीत घरच्या तलंगांस लागू आहे. प्रस्तुत लेखकानें एके वर्षीं घाईनें अकरा तलंगा रात्रीं मोठ्या कोंबड्यांच्या खुराड्यांत सोडल्या. अंधारांत सर्व शांत होतें, म्हणून तो समाधानानें निजला. सकाळीं दोघींचीं डोकीं रक्तबंबाळ होतीं व एक कोपऱ्यांत मरून पडली होती. रक्त दिसलें कीं इतर कोंबड्याही तेथेंच टोचूं लागतात. अशी जखमी कोंबडी तत्क्षणीं वेगळी करावी. पुढच्या खेपेस डालीं खुराड्याजवळ पंधरा दिवस ठेवलीं, आणि किरकोळ टोंचाटोंची पलीकडे कांहीं झालें नाहीं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षांत येत नाहीं. अंड्यावरील कोंबड्यांच्या तयार खाद्यांत चुन्याचा अंश फार असतो. तो वाढत्या तलंगांच्या मूत्रपिंडांस बाधतो. एकत्र केल्यावर पहिलें अंडें मिळेपर्यंत सर्वांस वाढीचेंच खाद्य घालावें आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यांत ठेवावा. ज्या कोंबडीस तो हवा असेल ती आपण होऊन खाते.