नेटवर्क प्रिंटरची लॅपटॉपवरील स्थापना आणि दोषनिवारण

नेटवर्क प्रिंटर म्हणजे एकाच संगणकाला तारेने बांधलेला नसून संगणकांच्या जाळ्यावर स्वतःचा स्वतंत्र पत्ता असलेला प्रिंटर होय. त्या जाळ्यातील कोणताही संगणक, लॅपटॉप किंवा मोबाइल त्याच्याकडे मजकूर छपाईसाठी पाठवू शकतो. मराठी परिभाषेत प्रिंटरला 'मुद्रक' असा प्रतिशब्द आहे. परंतु छापखान्याचा चालकही मुद्रकच असल्याने आणि पुस्तकांत तो शब्द याच अर्थाने छापला जात असल्याने यंत्रासाठी 'प्रिंटर' हाच शब्द रूढ झाला आहे.

नवा लॅपटॉप अशा प्रिंटरला जोडताना 'प्रिंटर सापडत नाही', 'ड्रायव्हर उपलब्ध नाही' किंवा 'जोडणी होऊ शकली नाही' अशा सूचना येतात. अशा वेळी यंत्र बहुधा बिघडलेले नसते. लॅपटॉप, राउटर, प्रिंटर, ड्रायव्हर आणि छपाईची रांग सांभाळणारी सेवा अशी ही साखळी आहे आणि तिच्यातील एखादीच कडी निसटलेली असते. ती कोणती हे न पाहता तोच ड्रायव्हर पुनःपुन्हा टाकत राहणे ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत निष्फळ कृती आहे.

खानदेशातील संदर्भ

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शाळा माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नाशिक विभागात येतात. दहावी-बारावीच्या परीक्षांची प्रवेशपत्रे मंडळ ऑनलाइन उपलब्ध करून देते. ती छापून, त्यांवर मुख्याध्यापकांची सही व शिक्का घेऊन विद्यार्थ्यांना देण्याचे काम शाळेचे असते आणि या छपाईसाठी विद्यार्थ्यांकडून वेगळे शुल्क घ्यायचे नसते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा २०१८ पासून मिळू लागल्यावर सेतू केंद्रे व झेरॉक्सची दुकाने यांच्यावरील छपाईचा भारही वाढला. कार्यालयात प्रिंटर एकच आणि त्यावर काम करणारे लॅपटॉप तीन-चार, अशी मांडणी त्यामुळे गावोगावी दिसते. अशा ठिकाणी नवा लॅपटॉप जोडला गेला नाही, तर खोळंबा केवळ एका टेबलाचा होत नाही. बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांचाही होतो.

पत्ता आणि गल्ली

जाळ्यावरील प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता असतो. घरगुती व लहान कार्यालयांच्या राउटरमध्ये तो बहुधा १९२.१६८.१.२० अशा चार भागांचा असतो. धुळे शहराच्या जुन्या वस्तीत गल्ल्या क्रमांकाने ओळखल्या जातात. त्याच धर्तीवर या पत्त्याचे पहिले तीन भाग म्हणजे गल्ली आणि शेवटचा भाग म्हणजे घर असे सर्वसाधारणपणे समजता येते. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.५ आणि प्रिंटरचा १९२.१६८.१.२० असेल, तर दोघे वेगवेगळ्या गल्लीत आहेत. एकाच इमारतीत दोन राउटर लावलेले असले की हे हमखास घडते. प्रिंटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. त्याने तो स्वतःच घेतला आहे. तार, पासवर्ड किंवा वाय-फायची जोडणी तेथे आधी तपासावी लागते.

लॅपटॉप आपोआप प्रिंटर शोधतो तेव्हा तो जणू गल्लीत हाक मारत असतो. ही हाक शेजारच्या गल्लीत ऐकू जात नाही. म्हणून महाविद्यालये किंवा मोठ्या कार्यालयांत, जेथे विभागवार जाळी वेगळी असतात, तेथे प्रिंटर यादीत दिसत नाही. पण मधला मार्ग खुला असेल तर नेमका पत्ता लिहून पाठवलेले काम मात्र पोहोचते. 'सापडत नाही' आणि 'पोहोचत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोषनिवारणाचा अर्धा भाग हा फरक ओळखण्यातच असतो.

हा फरक ओळखण्याची चाचणी सोपी आहे. प्रिंटरच्या मेनूतून जाळ्याच्या माहितीचे पान छापून घ्यावे. त्यावर आयपी पत्ता असतो. तो पत्ता लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये, संकेतस्थळाचा पत्ता लिहितात त्या जागी, लिहावा. बहुतेक नेटवर्क प्रिंटरांचे स्वतःचे एक लहान पान तेथे उघडते. ते उघडले तर जाळे ठीक आहे आणि दोष लॅपटॉपमधील ड्रायव्हर वा परवानग्यांमध्ये आहे. उघडले नाही, तर ड्रायव्हरला हात लावण्यात अर्थ नाही.

वीज आणि बदलणारा पत्ता

पत्ता बहुधा कायमचा नसतो. राउटर तो ठरावीक मुदतीसाठी भाड्याने दिल्यासारखा देतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. जळगाव-भुसावळ पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि विजेचे येणे-जाणे नित्याचे होते. लेझर प्रिंटरमध्ये शाई कागदावर पक्की करणारा भाग तापवण्यासाठी एकदम बरीच वीज लागते, त्यामुळे तो लहान इन्व्हर्टरवर सहसा ठेवत नाहीत. वीज गेली की प्रिंटर बंद पडतो. राउटरही बंद पडला आणि स्वस्त राउटरप्रमाणे त्याने दिलेल्या पत्त्यांची यादी विसरली, तर वीज आल्यावर जो आधी मागेल त्याला आधीचा क्रमांक मिळतो. काल जो पत्ता प्रिंटरचा होता तो आज एखाद्या मोबाइलचा झालेला असतो. लॅपटॉप मात्र जुन्याच दारावर थाप मारत राहतो आणि पडद्यावर 'ऑफलाइन' असे दिसते.

यावर पक्का उपाय राउटरमध्येच आहे. प्रिंटरच्या मॅक क्रमांकासाठी, म्हणजे कारखान्यात दिलेल्या ओळख-क्रमांकासाठी, एक पत्ता राखून ठेवता येतो. हे पाच मिनिटांचे काम असूनही बहुतेक ठिकाणी केलेले नसते. पत्ता राखून ठेवल्यावर विंडोजमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' या पानावरून 'अ‍ॅड मॅन्युअली' निवडून, आयपी पत्त्याने प्रिंटर जोडण्याचा पर्याय घ्यावा आणि उपकरणाचा प्रकार 'टीसीपी/आयपी' ठेवावा. आपोआप शोधलेल्या जोडणीपेक्षा ही जोडणी अधिक टिकते.

वाय-फायच्या बाबतीत आणखी दोन अडथळे आहेत. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या 'गेस्ट' जाळ्यातील उपकरणांना बहुधा एकमेकांशी बोलू दिले जात नाही. लॅपटॉप त्यावर असेल तर इंटरनेट चालते, प्रिंटर चालत नाही. तसेच अनेक प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर चालतात. राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर ठेवला असेल तर त्यांना जाळे दिसतच नाही. विंडोजने जाळे 'पब्लिक' मानले असले तरीही शोध रोखला जातो; विश्वासाच्या जाळ्यासाठी ते 'प्रायव्हेट' करावे लागते.

ड्रायव्हर

ड्रायव्हर म्हणजे लॅपटॉपवरील पानाचे प्रिंटरला समजेल अशा भाषेत रूपांतर करणारी आज्ञावली. जुन्या प्रिंटरचा ३२ बिटांचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही आणि एआरएम जातीचा प्रोसेसर असलेल्या नव्या लॅपटॉपला त्याच जातीचा ड्रायव्हर लागतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेक कार्यालयांत विंडोज ११ चे लॅपटॉप आले, प्रिंटर मात्र जुनेच राहिले. उत्पादकाने नव्या प्रणालीसाठी ड्रायव्हर काढला नसेल, तर त्याच कंपनीचा 'युनिव्हर्सल' ड्रायव्हर उपयोगी पडू शकतो.

काही प्रिंटर मुळात नेटवर्क प्रिंटर नसतात, हेही लक्षात घेतले पाहिजे. भारतातील दुकानांना परिचित असलेल्या कॅनन एलबीपी २९०० ला फक्त यूएसबीची जागा आहे. तो जाळ्यावर दिसतो तो एखाद्या संगणकामार्फत, आणि तो संगणक बंद असला की दिसेनासा होतो.

अशा सामायिक प्रिंटरांच्या अडचणी २०२१ नंतर वाढल्या. त्या वर्षी विंडोजच्या छपाई-सेवेतील 'प्रिंटनाइटमेअर' नावाने गाजलेला सुरक्षादोष उघड झाला. जुलैमध्ये त्यावर दुरुस्ती आली आणि ऑगस्टपासून नेटवर्क प्रिंटरचा ड्रायव्हर टाकण्यासाठी प्रशासकाचे अधिकार बंधनकारक झाले. सप्टेंबरच्या अद्ययावतीनंतर '११बी' ने संपणारा त्रुटी-संकेतांक अनेकांना दिसू लागला. तो घालवण्यासाठी सुरक्षेची अट बंद करण्याचा तोडगा सर्वत्र सांगितला जातो. तो चालतो, परंतु दार उघडे टाकून चालतो. दोन्ही संगणक अद्ययावत करणे आणि प्रशासकाच्या खात्यातून ड्रायव्हर आधी टाकून घेणे हा योग्य मार्ग होय. लॅपटॉप संस्थेचा असेल आणि प्रशासकाचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसेल, तर प्रश्न तंत्राचा राहत नाही.

ड्रायव्हरशिवाय छपाई व्हावी हा विचारही रुजला आहे. इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल १९९९ मध्ये आला, अ‍ॅपलचे एअरप्रिंट २०१० मध्ये आणि प्रिंटर-उत्पादकांची मोप्रिया संघटना २०१३ मध्ये. या मानकांचे पालन करणारा प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरवाचून जोडला जातो. नवा प्रिंटर घेताना हे चिन्ह पाहून घेणे किमतीतील थोड्या फरकापेक्षा महत्त्वाचे आहे. याची दुसरी बाजू अशी की विंडोज ११ मधील संरक्षित छपाईची सोय चालू केली, तर मोप्रियाप्रमाणित नसलेले जुने प्रिंटर जोडता येत नाहीत.

अडकलेली रांग

जुना प्रिंटर काढून पुन्हा टाकताना 'ड्रायव्हर वापरात आहे' अशी सूचना आली, तर छपाईच्या रांगेत एखादे काम अडकलेले असते. 'प्रिंट स्पूलर' ही सेवा थांबवून, तिच्या फोल्डरमधील फाइली पुसून ती पुन्हा सुरू केली की मार्ग मोकळा होतो.

देवनागरी मजकुराची छपाई

प्रिंटर जोडला जाऊनही मराठी मजकूर चौकोन किंवा रोमन चिन्हे होऊन उमटतो, ही तक्रार शाळांतून नेहमी ऐकू येते. एकेकाळी संगणकावर भारतीय लिप्यांसाठी आयआयटी कानपूरमध्ये विकसित झालेल्या व पुढे पुण्याच्या सी-डॅकने प्रसृत केलेल्या जिस्ट तंत्राचे कार्ड बसवावे लागे. आज बहुधा अक्षरांचे चित्र लॅपटॉपवरच तयार होते, त्यामुळे प्रिंटरला मराठी येण्याची गरज उरलेली नाही. मजकूर पडद्यावरही विचित्र दिसत असेल, तर तो श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला आहे आणि तो फॉन्ट नव्या लॅपटॉपवर नाही. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या बाबतीत हेच घडते. पडद्यावर अक्षरे शुद्ध आणि कागदावर मात्र चौकोन, असे असेल तर ड्रायव्हर फॉन्टची अदलाबदल करत आहे. अशा वेळी पीडीएफ उघडून छपाईच्या चौकटीतील 'प्रिंट अ‍ॅज इमेज' हा पर्याय निवडल्यास जोडाक्षरे आणि वेलांट्या जागच्या जागी उमटतात, मात्र छपाईचा वेग थोडा मंदावतो.