वातरक्ताची औषधे आणि घरातील औषधांचा डबा

वातरक्त हा विकार आमच्या वैद्यशास्त्रास नवा नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणतिसावा अध्याय या एकाच रोगास वाहिलेला असून तेथे त्याच्या पर्यायनामांत ‘आढ्यवात’ असेही एक नाव येते. आढ्य म्हणजे धनवान. बसून खाणाऱ्या सुखी माणसाचा हा रोग, असा त्या नावाचा भावार्थ. युरोपातही त्यास राजेलोकांचा रोग म्हणत. हल्ली ते नाव सार्थ राहिलेले नाही. पूर्वीचा चांदा म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा, आणि १९८२ साली त्यातून निराळा झालेला गडचिरोली जिल्हा, येथील घराघरांत रक्तदाब व मधुमेह यांनी बिऱ्हाड केले आहे, आणि त्यांच्यामागोमाग हा तिसरा पाहुणाही येतो. आम्ही वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य मुलांस शब्द चालवावयास शिकविण्यात गेले. म्हणून औषध कोणते घ्यावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध घरात आल्यावर त्याचे काय होते, एवढ्यापुरतेच आम्ही लिहीत आहो.

प्रथम रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. पेशींच्या झिजेतून व अन्नाच्या पचनातून शरीरात युरिक ॲसिड नावाचा पदार्थ तयार होतो. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या अंगी त्याचे पुढे विघटन करणारे द्रव्य असते. मनुष्यजातीने ते उत्क्रांतीच्या ओघात गमावले. साहजिकच त्याचा मोठा वाटा बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांवर पडते. ते त्यांस झेपेनासे झाले व रक्तातील प्रमाण फार दिवस बेताबाहेर राहिले, म्हणजे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक सांध्यांत बसू लागतात. मग एखाद्या रात्री पायाचा अंगठा एकाएकी लालबुंद होऊन सुजतो आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. आठदहा दिवसांत ठणका आपोआप ओसरतो व घरातील मंडळी निर्धास्त होतात. परंतु ठणका गेला तरी स्फटिक जागच्या जागीच असतात. यासाठीच वातरक्ताची औषधे दोन जातींची आहेत. एक जात पेटलेली आग विझविणारी, तर दुसरी सरपणच काढून नेणारी. या दोहोंतील भेद ध्यानात न राहिल्यामुळे सुशिक्षित घरांतही जे अनर्थ होतात, तेच या लेखाचे कारण.

आग विझविणाऱ्या औषधांपैकी एकाचे मूळ आमच्या रानातच आहे. पावसाळ्यात चांदा-गडचिरोलीकडील जंगलांत कुंपणांवर व झुडुपांवर एक वेल चढलेला दिसतो. त्याच्या पानांची टोके वळून आधार पकडतात आणि पिवळ्या-तांबड्या पाकळ्या ज्वाळांप्रमाणे वर उठतात. हीच कळलावी. संस्कृतात तिला फुलावरून अग्निशिखा व नांगरासारख्या कंदावरून लांगली म्हणतात. आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली आहे, ती उगीच नव्हे. तिच्या कंदात व बियांत कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते. हेच द्रव्य युरोपातील एका निराळ्या कंदातून १८२० साली फ्रान्समधील पेलेटिए व काव्हान्तू या रसायनज्ञांनी वेगळे केले, आणि त्या कंदाचा सांधेदुखीवर उपयोग तर सहाव्या शतकापासून ज्ञात होता. तामिळनाडूत शेतकरी कळलावीची लागवड औषधी बियांसाठी मुद्दाम करतात. मात्र यावरून कोणी रानातला कंद उगाळून पायास लावावा किंवा पोटात घ्यावा, असा अर्थ कृपा करून काढू नये. कंदात विष किती हे डोळ्यांना दिसत नाही. औषधाची मात्रा व मारक मात्रा यांत अंतर थोडे. आणि पोटात गेलेल्या कोल्चिसीनवर आपल्या रुग्णालयांत सहज मिळेल असा उतारा नाही, की यंत्राने रक्त धुऊनही ते निघत नाही.

कारखान्यात तयार झालेली गोळीही मोजूनच घ्यावयाची असते. आपल्याकडे ती बहुधा अर्ध्या मिलिग्रॅमची मिळते. पूर्वी जुलाब लागेपर्यंत तासातासाने गोळी द्यावी असा प्रघात होता. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही रुग्णांस एकंदर ४.८ मिलिग्रॅम व काहींस केवळ १.८ मिलिग्रॅम देऊन पाहिले. ठणका दोन्ही गटांत सारखाच कमी झाला. जुलाब मात्र पहिल्या गटात शेकडा ७७ जणांस व दुसऱ्यात २३ जणांस झाले. तेव्हा ‘दोन गोळ्यांनी बरे वाटले, मग चार घेऊ’ हे गणित येथे साफ चुकते. ठणका सुरू होताच अल्प मात्रा घ्यावी, आणि ती किती हे डॉक्टरांनी आधीच कागदावर लिहून दिलेले असावे. मूत्रपिंडे अशक्त असतील तर ती मात्रा आणखी उतरते. क्लॅरिथ्रोमायसीनसारखी काही जंतुनाशके, बुरशीवरील काही औषधे, रक्तदाबावरील व्हेरापामिल, ही सोबत असली तर कोल्चिसीन शरीरात साचते आणि जिवावर बेतते. खोकल्यासाठी एका डॉक्टरांकडे व पायासाठी दुसऱ्यांकडे जाणाऱ्या गृहस्थांनी दोघांच्याही चिठ्ठ्या एकत्र दाखवाव्यात. आणि एकच सांधा तापून सुजला व अंगात ज्वरही आहे, तर घरी कोणतीही गोळी न घेता रुग्णालय गाठावे. सांध्यात पू झाला असण्याचा संभव असतो, आणि त्याची वाट निराळी.

आता वेदनाशामक गोळ्यांकडे वळू. घरोघरच्या डब्यात डायक्लोफेनॅक असतेच. या औषधाची एक कथा आमच्या जिल्ह्यांना जवळची आहे. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातून शंभरांतील नव्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. कारण सापडले ते २००४ साली. गुरांच्या दुखण्यावर टोचलेले डायक्लोफेनॅक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटी जाई, त्यांची मूत्रपिंडे बंद पडत, आणि शवविच्छेदनात यकृत, हृदय आदी इंद्रियांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर आढळे. म्हणजे जे औषध माणसाचे वातरक्त शमविते, त्याच औषधाने गिधाडांस वातरक्त होऊन ती मेली! सरकारने २००६ साली गुरांसाठी या औषधास बंदी केली. गडचिरोलीच्या वनखात्याने निर्धोक मांस मिळावे म्हणून गिधाडांसाठी उपाहारगृहेही चालविली आहेत.

माणसाची मूत्रपिंडे गिधाडाइतकी नाजूक नाहीत, हे खरे. परंतु साठीच्या पुढील, मधुमेही, रक्तदाबाच्या माणसाची तितकीशी बळकटही नाहीत. रक्तदाबावरील काही गोळ्या, लघवी वाढविणारी गोळी आणि त्यांवर ही वेदनाशामक गोळी, या तिघींचा एका शरीरात मेळ पडला म्हणजे मूत्रपिंडांवर संनिपातच ओढवतो. आमच्या प्राचीनांनी तीन दोष एकदम बिघडले तर त्यास संनिपात म्हटले. येथे तीन गोळ्या आहेत इतकेच. त्यात चंद्रपूरचा उन्हाळा! पारा ४६-४७ अंशांवर जातो, अंगातील पाणी आटते, रक्तातील युरिक ॲसिड दाट होते आणि वातरक्तास आयतेच निमित्त मिळते. नेमक्या त्याच वेळी मूत्रपिंडांस पाणी कमी पडलेले असते. वैशाखात लग्नकार्याची धावपळ करून आलेल्या मामांस अंगठ्याच्या ठणक्यावर डब्यातील गोळी देणाऱ्या घराने हे एकदा मनात आणावे. लघवी वाढविणारी काही औषधे व रोजची अल्प मात्रेतील ॲस्पिरीन यांनी युरिक ॲसिड वाढतेही; मात्र ती हृदयासाठी दिलेली असतात, आपल्या मनाने सोडावयाची नव्हेत. ज्यांस या दोन्ही वाटा बंद आहेत त्यांस डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइड देतात. मधुमेही माणसाची साखर त्याने चढते, तेवढी पाहावी लागते.

सरपण काढून नेणारे मुख्य औषध ॲलोप्युरिनॉल. गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून ते निघाले; दोघांसही १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वर्षातून दोन वा अधिक वेळा ठणका येणे, त्वचेखाली गाठी दिसणे, सांधा झिजणे, अशा प्रसंगी डॉक्टर ते सुचवितात. केवळ तपासणीच्या कागदावर आकडा ७.५ आला, दुखणे काहीच नाही, एवढ्यावरून आयुष्यभराची गोळी सहसा सुरू करीत नाहीत. उलट, ठणक्याच्या दिवसांत आकडा साधाही येतो, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासतात. मात्रा रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी अशी आरंभून रक्त तपासत हळूहळू वाढवितात, आणि आकडा ६ च्या खाली ठेवणे हे लक्ष्य असते.

आता खरी अडचण. गोळी सुरू झाली की स्फटिक विरघळू लागतात आणि त्या हालचालीने पहिल्या काही महिन्यांत ठणका पूर्वीपेक्षा अधिकच येतो. घरातील मंडळी म्हणतात, गोळी बाधली. आणि गोळी बंद होते. काही महिन्यांनी पुन्हा अंगठा, पुन्हा गोळी, पुन्हा खंड. वास्तविक तो ठणका गोळी काम करीत असल्याची खूण असतो. त्यासाठीच डॉक्टर तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसीनची अल्प मात्रा देतात. ठणका आला तरी ॲलोप्युरिनॉल बंद करावयाचे नसते, आणि नवखी वाढीव मात्राही आपल्या मनाने घ्यावयाची नसते.

याला अपवाद एकच, आणि तो मोठा आहे. आरंभीच्या दोनतीन महिन्यांत अंगावर पुरळ उठले, ताप आला, तोंड आले वा डोळे लाल झाले, तर गोळी त्याच क्षणी थांबवून रुग्णालयात जावे. ही प्रतिक्रिया क्वचितच होते, पण झाली तर प्राणघातक ठरते. आम्हास येथे भामरागड, सिरोंचा अशा तालुक्यांची आठवण होते. पर्लकोटेच्या पुराने भामरागडाचा संपर्क पावसाळ्यात तुटल्याचे किती वेळा तरी ऐकले आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या सरकारी नोकरांनी व शिक्षकांनी नवे औषध मृगाच्या तोंडावर सुरू करावे की दिवाळीनंतर, हे डॉक्टरांस अवश्य विचारावे. आधीपासून चालू असलेल्या औषधाचा पावसाळ्यापुरता साठा मात्र घरात ठेवावा. ज्यांस ॲलोप्युरिनॉल सोसत नाही त्यांस फेब्युक्सोस्टॅट देतात. त्याबाबत २०१९ साली अमेरिकेत हृदयविकाराचा इशारा देण्यात आला, म्हणून हृदयाचे दुखणे असल्यास ते लपवू नये. ॲझाथायोप्रिन घेणाऱ्यांनी तर या दोहोंपैकी एकही गोळी डॉक्टरांस विचारल्यावाचून तोंडात घालू नये.

पथ्याविषयी आमच्या भगिनीवर्गास दोन शब्द. वातरक्त म्हटले की वरण-आमटी बंद होते. सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांच्या बारा वर्षांच्या पाहणीत (२००४) मांस व मासे यांनी धोका वाढलेला दिसला, भाज्या-डाळींनी नाही, आणि दुधाने तर तो घटला. तेव्हा म्हाताऱ्याचे वरण व ताक तोडू नये. बाटलीतील गोड पेये व मद्य, विशेषतः बिअर, तोडावी. पथ्याने आकडा थोडासाच उतरतो. गोळीचे काम ते करीत नाही.

क्षयावरील पायराझिनामाइड या गोळीनेही युरिक ॲसिड वाढून सांधे दुखतात. तेथे क्षयाची गोळी सोडावयाची नसते, डॉक्टरांस सांगावयाचे असते. राहता राहिला तो डबा. आजोबांच्या, काकांच्या व आत्याबाईंच्या गोळ्या एकाच पत्र्याच्या डब्यात, पाकिटे कापलेली, नावे अर्धी फाटलेली, असे बहुतेक घरांत असते. प्रत्येकाची निराळी पिशवी, तीत त्याची चिठ्ठी आणि मूत्रपिंडाच्या तपासणीचा शेवटचा कागद, एवढी व्यवस्था एका दुपारी होते. कोल्चिसीनची पिशवी मुलांचा हात न पोहोचेल अशा फडताळात, कुलपाखाली असावी.